पट

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो,
माणगावे सर आणि मी.
पिशवीत पत्रकं, फुगे, दोघांत एक पाण्याची बाटली.
शाळा क्रमांक एकतीस. पट एकोणीस.
वरचे विचारतात, वीस का नाहीत?
गल्लीतले विचारतात, अजून चालू आहे होय ती?

दार कुणी आपटलं नाही.
सांगलीत दार आपटत नाहीत,
"बघू की" म्हणतात.

खणभागात एका बाईनं खुर्च्या दिल्या, सरबत दिलं,
पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं,
मोफत पुस्तकं, मोफत गणवेश, दुपारचा आहार,
आणि घडी घालता घालता म्हणाली,
"बाई, तुमची लेक कुठल्या शाळेत?"

सरबतात लिंबाची बी आली होती.
मी ती बराच वेळ तोंडात फिरवत बसले.
माणगावे सरांनी उगाच एक फुगा फुगवायला घेतला.

(विश्रामबागेत. कोपऱ्यावर बस येते.
टाय आहे, इलॅस्टिकचा.)

आमच्या भिंतीवर पुराची रेघ आहे,
पहिलीच्या पोरांच्या डोक्यावर दोन हात.
रंगारी आला तेव्हा नदाफमामांनी ती पुसू दिली नाही.
"असू दे, मापाला होती."
पोरं तिथंच उंची मोजतात.
कपाटात जनरल रजिस्टरचे अकरा खंड.
सहाव्यात माझे वडील आहेत,
अण्णाप्पा भरमू मगदूम, जन्मतारीख एक जून.
त्या पानावर सगळेच एक जूनला जन्मलेत.

बाराच्या उन्हात मार्केट यार्डात शिरलो.
हळदीचं पॉलिश चाललेलं, हवाच पिवळी,
पायरीवरचं कुत्रंसुद्धा नवरदेवागत.
सिद्राम बिराजदार पोत्याला टेकून भाकरी खात होता,
पोरगी शेजारी हळकुंडांची रांग लावत होती.
शाळेत घालणार का?
"घाला की," तो म्हणाला,
जणू उशीर आम्हीच केला होता.
नाव मायाक्का. वय आईनं दात बघून सांगितलं, सहा.

स्टॅम्पपॅड शाळेतच राहिलं होतं.
लागलंही नाही.
त्यानं अंगठा फॉर्मवर टेकवला
आणि रेघ न रेघ पिवळी उठली.

"वीस," माणगावे सर म्हणाले,
आणि मघाचा फुगा तिला देऊन टाकला.

जूनमध्ये संगणक म्हणाला, आधार जुळत नाही.
तिथं ती 'मायका' आहे.
मी चारदा भरलं, एकदा रात्री अकराला,
नेट मोकळं असतं तेव्हा.
तिचं बोट मशीनवर ठेवलं,
मशीन म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.
पट एकोणीस.

पण ती येते.
नदाफमामांच्या किल्लीच्या आधी येऊन
पायरीवर बसलेली असते.

काल सगळे हजर होते, असं क्वचित होतं.
मी तिलाच उभं केलं, मोज म्हटलं.
एकेकाच्या डोक्याला बोट लावत
ती तिच्या घरच्या भाषेत निघाली,
ओंदु, एरडु, मूरु,
पोरं आधी हसली, मग मागोमाग म्हणू लागली,
खिडकीजवळच्या शेवटच्या डोक्याला थांबली.
हत्तोंबत्तु.
एकोणीस.

तिनं स्वतःला धरलंच नव्हतं.

मी खडू ठेवला, तिच्या डोक्यावर हात ठेवला.
बापाच्या अंगावरची हळद केसांत उतरलेली.
पुढचा आकडा मला येत नव्हता.
"इप्पत्तु!" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं.

संध्याकाळी लेकीच्या गळ्यातला टाय काढला.
तिच्या पांढऱ्या कॉलरवर माझी दोन बोटं उमटली.
नळाखाली धरून ती घासत राहिली.
"आई, हे जात नाहीये."